मोजमापाने सरकारी सेवा सुधारते का? सुधारते, पण मोजायचं नळाशी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: विकसनशील देशांत ‘परफॉर्मन्स मॅनेजमेंट’ आणल्याने सरकारी सेवांचा दर्जा खरंच सुधारतो का, की टार्गेट, आढावा बैठका आणि रँकिंग हे सगळं कागदावरच राहतं? महाराष्ट्रातला अनुभव कुणी सांगेल का?

सुधारतो, असं माझं उत्तर आहे. अट एकच: सेवा जिथे माणसाच्या हातात पडते तिथे मोजमाप व्हायला हवं. कार्यालयाच्या सोयीच्या जागी मोजलं की आकडे सुधारतात आणि माणूस आहे तिथेच राहतो. मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या पाणीपुरवठा विभागात कनिष्ठ अभियंता होतो, आता निवृत्त होऊन जुळे सोलापुरात राहतो. त्यामुळे माझं बरंचसं बोलणं पाण्याचंच असेल.

आधी सोलापूरची परिस्थिती सांगतो. उजनीसारखं धरण आमच्याच जिल्ह्यात, भीमानगरला. तिथून शंभरावर किलोमीटरची जलवाहिनी शहरात येते. शिवाय भीमेतून सोडलेलं पाणी औज-चिंचपूर बंधाऱ्यांत अडवून टाकळीहून उचललं जातं आणि थोडं पाणी हिप्परग्याच्या तलावातून येतं. इतकं असूनही शहराने वर्षानुवर्षं तीन-चार दिवसाआड, कधी पाच दिवसाआड पाणी भरलंय. घरोघरी ‘आमचा पाण्याचा दिवस’ ठरलेला असतो. लग्नाची बोलणी, डॉक्टरची वेळ, गावाला जाणं, सगळं तो दिवस बघून ठरतं. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायकांना मजुरी हजार विड्यांमागे मिळते. पाणी सकाळी येणार म्हणून थांबावं आणि ते दुपारी सुटावं, की त्या दिवसाच्या विड्या कमी भरतात. पाण्याची वेळ चुकली याचा अर्थ तिच्यासाठी सरळ पैसे बुडाले.

आता हे नुकसान कुठल्या अहवालात येतं? कुठल्याच नाही. आमच्या मासिक अहवालात एक रकाना असायचा, दरडोई दररोज किती लिटर. तो भरायची रीत सोपी होती. पंपाने दिवसभरात उचललेलं पाणी घ्यायचं आणि लोकसंख्येने भागायचं. वाटेत फुटलेल्या लाइनमधून गेलेलं, एअर व्हॉल्व्हवर उडालेलं, गटारात मुरलेलं सगळं पाणी या हिशेबात लोकांनी वापरलेलं धरलं जातं. गळती वाढली म्हणून पंपिंग वाढवलं तर दरडोई पाणी वाढल्याचं दिसतं. सेवा बिघडते आणि आकडा चढतो. यात कुणी खोटं लिहिलेलं नसतं. फॉर्म भरणारा प्रामाणिक असतो, फॉर्मच पंपाशी उभा असतो.

केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने २००८ साली शहरी सेवांसाठी मापदंड ठरवले, ‘सर्व्हिस लेव्हल बेंचमार्क’. पाण्यासाठी दरडोई १३५ लिटर, चोवीस तास पुरवठा, हिशेबाबाहेरचं पाणी (गळती-चोरीत जाणारं, ज्याचं बिल होत नाही) २० टक्क्यांच्या आत, ८० टक्के तक्रारींचं वेळेत निवारण वगैरे. मापदंड चांगले आहेत, मी आजही त्यांच्या बाजूचा आहे. पुढे १३व्या वित्त आयोगाने (२०१०–१५) कामगिरी अनुदानाला अट घातली की पाणी, मलनिस्सारण, पावसाचं पाणी आणि घनकचरा या चार सेवांची उद्दिष्टं प्रसिद्ध करा. अट प्रसिद्ध करण्याची होती. उद्दिष्ट गाठलं का, हे विचारायची नव्हती. साहजिकच मार्च आला की तक्ता तयार करून प्रसिद्ध करणं हेच काम होऊन बसलं. अनुदानाची अट पूर्ण झाली, नळाचं वेळापत्रक होतं तेच राहिलं.

माझ्या नोकरीतला एक बदल मात्र मी जवळून पाहिला. एक मुख्याधिकारी बदलून आल्या. पहिल्या आढावा बैठका नेहमीसारख्या झाल्या. मग एका सोमवारी त्यांनी पाणीपट्टीचं डिमांड रजिस्टर मागवलं, मनाला येतील ती पानं उघडून चार-पाच ग्राहकांचे मोबाइल नंबर काढले आणि स्पीकर लावून सगळ्यांसमोर फोन केले. प्रश्न ठरलेले: काल पाणी आलं का? किती वाजता आलं? किती वेळ होतं? मोटर न लावता भरता आलं का? एका वरच्या वस्तीतल्या बाई म्हणाल्या, “आलं होतं हो, पण हंडा लावेस्तोवर धार करंगळीएवढी झाली.” त्याच वस्तीच्या नावासमोर तक्रार वहीत शेरा होता: ‘पाहणी केली, पुरवठा सुरळीत, तक्रार निकाली.’

खोलीत सगळे गप्प. व्हॉल्व्हमन दाराशी उभा होता, त्याला आत बोलावलं. मॅडमनी आवाज चढवला नाही, एवढंच विचारलं, “तुम्हाला काय वाटतं, असं का होतंय?” तो म्हणाला, “मॅडम, खालच्या गल्लीची चावी मी पूर्ण फिरवतो, पण व्हॉल्व्ह बसतच नाही. आतली स्पिंडल झिजलीय. खाली पाणी चालूच राहतं, मग वर प्रेशर कुठून येणार?” हे त्याने तोंडी कितीदा तरी सांगितलं होतं. मागणीपत्र स्टोअरमध्ये पडून होतं, कारण ‘व्हॉल्व्ह दुरुस्ती’ हा विषय कुठल्याच अहवालाच्या रकान्यात बसत नव्हता. त्या आठवड्यात व्हॉल्व्ह बदलला गेला. वरच्या वस्तीचं पाणी त्यानंतर वेळेवर आणि पुऱ्या दाबाने यायला लागलं.

यातला फोन जितका महत्त्वाचा, तितकाच पुढचा प्रश्नही. फोनवर कळलेल्या गोष्टीवरून त्या व्हॉल्व्हमनला नोटीस निघाली असती तर पुढच्या सोमवारी कुणीही खरं बोललं नसतं आणि त्या ग्राहकांना आदल्या दिवशीच ‘पाणी व्यवस्थित आहे म्हणून सांगा’ असे निरोप गेले असते. आढावा बैठक ही अडचण वर पोचवायची जागा झाली, तरच खालून खरी माहिती येते. आपल्याकडच्या बहुतेक आढावा बैठकांत अहवाल ‘निरंक’ यावा म्हणून सगळे धडपडतात. काहीच प्रलंबित नसलेला अहवाल आला की मला तरी आधी शंका येते.

फोन करून विचारण्याची ही पद्धत मोठ्या प्रमाणावरही तपासली गेली आहे. तेलंगणाने २०१८ साली रयतु बंधू योजनेत खरिपाच्या तोंडावर शेतकऱ्यांना एकरी ४,००० रुपयांचे चेक वाटले. संशोधकांनी सरकारसोबत एक साधी गोष्ट केली. काही मंडलांतल्या (मंडल म्हणजे आपल्या तालुक्यासारखा तिथला विभाग) कृषी अधिकाऱ्यांना आधीच कळवलं की तुमच्या भागातल्या शेतकऱ्यांना कॉल सेंटरवरून फोन करून चेक मिळाला का, कधी मिळाला हे विचारलं जाणार आहे. कुठलं बक्षीस नाही, नवी शिक्षा नाही. एवढ्यावर त्या मंडलांतलं चेकवाटप इतरांपेक्षा सुधारलं. फरक फार मोठा नव्हता, पण खर्चही जवळपास नव्हताच. लाभार्थ्याला थेट विचारलं जाणार आहे हे कळल्यानेच काम हललं.

महाराष्ट्रात तुम्हाला सगळ्यात ठोस चौकट दिसेल ती लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ ची. प्रत्येक अधिसूचित सेवेला मुदत, मुदत टळली तर अपील, आणि दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. मध्य प्रदेशने असा कायदा देशात सर्वांत आधी, २०१० साली केला. मी या कायद्याला मनापासून चांगलं म्हणतो, कारण यात घड्याळ नागरिकाच्या हातात आहे. त्याआधीचा २००५ चा बदल्यांचा आणि दिरंगाईचा कायदा आठवा. त्यात कुठल्याही कर्मचाऱ्याकडे फाइल कामाच्या सात दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये अशी तरतूद आहे. हेतू उत्तम, पण घड्याळ टेबलाचं आहे. फाइल सहा टेबलांवरून फिरली आणि प्रत्येकाने सात दिवसांच्या आत पुढे सरकवली, तर कायदा पाळला गेला आणि माणूस दीड-दोन महिने खेटे घालत राहिला.

पण २०१५ च्या कायद्यातही एक भोक आहे आणि ते सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रात जून महिन्यात कुणीही बघू शकतं. उत्पन्नाच्या दाखल्याला १५ दिवस, जातीच्या दाखल्याला ४५. पंधराव्या दिवसाच्या आसपास अर्जावर ‘त्रुटी’ लागते. रेशनकार्डाची मागची बाजू स्पष्ट नाही, स्वयंघोषणापत्र जोडलेलं नाही. अर्ज परत आला की त्या कार्यालयाच्या खात्यात तो निकाली निघालेला दिसतो. कागद पुन्हा जोडले की मुदत नव्याने मोजायला सुरुवात. त्रुटी कधी खरी असते, पण ती दुसऱ्या दिवशीही दाखवता आली असती. इकडे पोराच्या अॅडमिशनची तारीख जवळ येते. उपाय कठीण नाही. अर्ज आल्यापासून दाखला हातात पडेपर्यंतचे सगळे दिवस मोजा, मधे कितीही वेळा त्रुटी निघोत. आणि दर कार्यालयागणिक पहिल्याच फेरीत किती अर्ज मंजूर झाले हे दर महिन्याला फलकावर लावा. मग त्रुटी पहिल्या दोन दिवसांत निघू लागतील.

आता विकसनशील देशांतलं माझं सर्वांत आवडतं उदाहरण, कंबोडियाची राजधानी नॉम पेन. १९९३ साली तिथली पाणीपुरवठा संस्था कोलमडलेली होती. युद्ध, नरसंहार, शहर एकदा पूर्ण रिकामं केलं गेलेलं. उचललेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा हिशेब लागत नव्हता, नळाला दिवसातले काहीच तास पाणी, ते थोड्या लोकांना, आणि कर्मचारीच बेकायदा जोडण्या विकायचे. ‘एक सोन चान’ हे अभियंते प्रमुख झाले. पुढच्या पंधराएक वर्षांत हिशेबाबाहेरचं पाणी १० टक्क्यांच्या खाली आलं, पाणी चोवीस तास झालं, बिलांची वसुली जवळजवळ शंभर टक्क्यांवर गेली. २००६ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे कसं झालं? त्यांनी आधी घरोघर जाऊन ग्राहकांची यादी नव्याने केली, कारण कोण ग्राहक आहे हेच कार्यालयाला माहीत नव्हतं. प्रत्येक जोडणीला मीटर लावलं. म्हणजे मोजमाप नळाशी आणलं. शहराचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला गळती शोधणारी टीम दिली. कुठल्या विभागात किती पाणी शिरलं आणि मीटरवर किती नोंदलं गेलं, यातला फरक हे त्या टीमचं प्रगतिपुस्तक. फरक कमी करणाऱ्यांना पैशात बक्षीस. बेकायदा जोडणी देणारा कर्मचारी घरी. पगारही वाढवले, कारण उपाशी माणसाकडून प्रामाणिकपणाचं टार्गेट पूर्ण होत नाही. थकबाकी मोठ्या लोकांचीही वसूल केली. एका लष्करी अधिकाऱ्याकडे ते स्वतः गेले तेव्हा त्यांच्यावर बंदूक रोखली गेली, तरी जोडणी तोडलीच. गरीब वस्त्यांना जोडणीसाठी सवलत दिली. जपान, फ्रान्स, जागतिक बँक, आशियाई विकास बँक यांचा पैसा होताच. पण तसा पैसा आपल्याही किती तरी शहरांना मिळालाय. फरक पडला तो एकच माणूस दीर्घकाळ त्या खुर्चीत राहिल्याने आणि संस्थेला स्वतःचे निर्णय घेण्याची मोकळीक मिळाल्याने. आपल्याकडे आयुक्त शहराचे व्हॉल्व्ह ओळखायला लागेपर्यंत बदलीची ऑर्डर येते.

जवळचं बघायचं तर शेजारच्या गुलबर्ग्याने, हुबळी-धारवाड आणि बेळगावसोबत, शहराच्या एका भागात चोवीस तास पाणी देऊन दाखवलं. त्या कंत्राटात कंपनीचा काही मोबदला प्रत्यक्ष कामगिरीवर अवलंबून होता. आणि कराडजवळच्या मलकापूरने तर छोट्या गावालाही मीटर लावून हे जमतं हे दाखवलं. सोलापूरकरांनी मलकापूरला जाऊन ते पाहावं असं मला फार वाटतं.

तुमच्या प्रश्नातली शंका मात्र निराधार नाही. मोजमाप फसल्याची उदाहरणंही तितकीच खरी आहेत. राजस्थानात उदयपूर जिल्ह्यात उपकेंद्रांतल्या नर्सबाईंची हजेरी वेळ छापणाऱ्या यंत्राने नोंदवायला सुरुवात केली, गैरहजेरीला पगारकपात ठेवली. पहिले काही महिने हजेरी बरीच वाढली. मग वरूनच ‘आज मीटिंग होती’, ‘आज दौऱ्यावर’ अशा सवलती मंजूर होत गेल्या आणि वर्ष-दीड वर्षात फरक उरला नाही. यंत्र व्यवस्थित चाललं होतं, पण व्यवस्थेलाच ते नको होतं. नायजेरियात सरकारच्या चार हजारांहून अधिक प्रकल्पांचा अभ्यास झाला. जिथे अधिकाऱ्यांना कामात मोकळीक होती तिथे प्रकल्प जास्त पूर्ण झाले होते, आणि जिथे देखरेख आणि बक्षीस-शिक्षेवर भर होता तिथे कमी. मला याचं नवल वाटत नाही. रस्ता खोदल्यावर खाली काय निघेल हे टार्गेट ठरवणाऱ्याला माहीत नसतं. तिथल्या माणसाला निर्णय घ्यायची मुभा नसेल तर तो फक्त स्वतःला वाचवणारे कागद तयार करतो.

म्हणून माझा कल असा: निकाल काटेकोर मोजा, पण तो कसा आणायचा हे खालच्या माणसावर सोडा. आपण नेमकं उलटं करतो. कितीला सही करायची, कुठला फॉर्म, कुठल्या ग्रुपवर फोटो, हे सगळं ठरवून देतो आणि शेवटी पाणी आलं का हे विचारायचं राहून जातं. त्यात रिक्त पदं. दोघांच्या कामाला एक व्हॉल्व्हमन, तोही कंत्राटी, पगार दोन-दोन महिने उशिरा. त्याच्या हातात टार्गेट देऊन काय होणार? मोजमाप करताना साधनं किती दिली हेही शेजारच्या रकान्यात लिहायला हवं.

आपलीच यंत्रणा उत्तम काम करू शकते याचा पुरावा जिल्ह्याला दर आषाढीला मिळतो. पंढरपुरात काही दिवसांत लाखो वारकरी येतात. पाण्याचे टँकर, तात्पुरती शौचालयं, ‘६५ एकर’ या मैदानावरचा मुक्काम, दर्शनबारीतलं पाणी, दवाखाने, चंद्रभागेच्या वाळवंटातली सफाई. हे करणारे कुठून बाहेरून आलेले नसतात. तेच तलाठी, तेच ग्रामसेवक, तेच आरोग्यसेवक, तेच आम्ही पाणीपुरवठ्याचे. पण त्या दिवसांत अधिकारी तिथेच उभे असतात जिथे वारकरी उभा आहे. टँकर रिकामा झाला की दहा मिनिटांत दिसतं, लेखी अहवालाची वाट कुणी बघत नाही. जागेवरचा कर्मचारी जागेवरच निर्णय घेतो आणि नंतर त्याला कुणी खुलासा मागत नाही. हे वर्षभर जसंच्या तसं चालवता येणार नाही हे मान्य, माणसं थकतील. पण निकाल जागेवर दिसणं आणि निर्णय जागेवर घेता येणं, या दोन गोष्टी वर्षभर नक्की ठेवता येतात.

रँकिंगबद्दल थोडक्यात. स्मार्ट सिटीच्या २०१६ च्या पहिल्या वीस शहरांत सोलापूर आलं तेव्हा शहराला आनंद झाला, मलाही झाला. पण तो नंबर आराखड्याचा होता. राज्य सरकारने २०२५ मध्ये कार्यालयांसाठी १०० दिवसांचा सात कलमी कार्यक्रम राबवला, त्याचं मूल्यमापन भारतीय गुणवत्ता परिषदेकडून, म्हणजे बाहेरच्या संस्थेकडून झालं. हे पाऊल मला योग्य वाटतं. आपण आपलेच पेपर तपासायचे नाहीत, हे निदान मान्य झालं. आता त्यात कार्यालयातून बाहेर पडणाऱ्या माणसाला विचारलेला एक प्रश्न वाढवावा: काम झालं का, आणि कितव्या फेरीत?

तुम्ही अभ्यासासाठी विचारत असाल तर कुठल्याही योजनेचा निर्देशांक घेऊन तीन गोष्टी तपासा. तो आकडा कोण भरतो, तो बिघडला तर कुणाला काय होतं, आणि सेवा घेणाऱ्या माणसाला तो आकडा ओळखीचा वाटेल का. आणि नागरिक म्हणून विचारत असाल तर अर्ज दिल्याची पोच तारखेसह घ्या. त्रुटी निघाली तर ती लेखी मागा आणि कधी निघाली तेही लिहून ठेवा. मुदत टळली किंवा नकार आला तर ३० दिवसांत त्यासाठी नेमलेल्या वरिष्ठांकडे पहिलं अपील करता येतं, नंतर दुसरं, आणि शेवटी राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे. वकील लागत नाही. साध्या कागदावर सेवा कोणती, अर्ज कधी दिला, मुदत कधी संपली, एवढं लिहिलं तरी चालतं. आमच्या वेळी असं अपील आलं की कार्यालयात त्या दिवशी पहिल्यांदा तीच फाइल उघडली जायची.